समुद्राकाठच्या घराचा कडी-कोयंडा: गजापासून तेलापर्यंत

किनाऱ्यावरच्या घराचा कडी-कोयंडा जोर लावून क्वचितच तुटतो. तो सडतो, आणि सडतो तोही दिसत नाही अशा जागी. जुन्या दरवाजावरून उतरवलेला कोयंडा हातात घेऊन बघा. बाहेरचा वाकलेला भाग, ज्यावर रोज कडी आपटते, तो अजून भरलेला असतो. फुलाच्या, म्हणजे कोयंड्याच्या बुडाशी बसणाऱ्या पाकळीदार पत्र्याच्या मागे, गज लाकडात शिरतो तिथे मात्र १० मिलिमीटरचा गज ४ मिलिमीटरवर आलेला असतो आणि नखाने खरवडलं तरी तांबडे पापुद्रे थराथराने सुटतात. हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, पावसाळ्याचे चार महिने ती ओल आतून सुकत नाही आणि लोखंड तेवढ्याच ठिकाणी खाल्लं जातं. म्हणून अशा कामात गज निवडण्यापासून शेवटचं तेल लावेपर्यंत आम्ही एकच गोष्ट तपासत राहतो: इथे पाणी थांबेल का?

काम होतं फणसाच्या दोन झडपांच्या मोठ्या दरवाजाचं. समोर समुद्र, मध्ये फक्त सुरूची रांग. वरची चौकट ५० मिलिमीटर जाड. कडी जुन्या पद्धतीची, बाहेरून वर चौकटीत अडकणारी. म्हणजे चौकटीत ठोकायचा मोठा कोयंडा, झडपेवरचा लहान कोयंडा, त्यात ओवलेल्या दोन गोल कड्या, त्यांना धरून वर जाणारी लांब कडी, आणि दोन्ही कोयंड्यांच्या बुडाशी एकेक फूल.

आधी माल. साधं माइल्ड स्टील या कामाला उत्तम. १२ मिलिमीटरचा चौकोनी बार लांब कडीला, १० मिलिमीटरचा चौकोनी मोठ्या कोयंड्याला, ८ मिलिमीटरचा गोल गज कड्यांना आणि लहान कोयंड्याला, ३ मिलिमीटरचा पत्रा फुलांना. बांधकामातून उरलेली टीएमटी सळई लोक हौसेने आणून देतात, पण ती आम्ही घेत नाही. कारखान्यात तिची बाहेरची साल पाणी मारून कडक केलेली असते आणि आतला गाभा मऊ ठेवलेला असतो. भट्टीत तापली की तो फरक निघून जातो, म्हणजे तिचा मूळ गुण गेलाच. वर तिच्या अंगावरच्या वळ्या ठोकताना दुमडून आत जातात आणि प्रत्येक दुमड ही पाण्याची फट होते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा तर भट्टीत घालूच नये. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जुन्या वाड्यातलं लोखंड मिळालं तर ते वेगळंच रसायन. बारवर छिन्नीने खाच पाडून थंडच वाकवा. माइल्ड स्टील सलग वाकतं किंवा दाणेदार तुटतं. जुनं घडीव लोखंड वाळल्या लाकडासारखं तंतू तंतू होऊन फाटतं. त्या तंतूंमध्ये किटाचे, म्हणजे लोखंडातल्या मळाचे, बारीक धागे अडकलेले असतात. असं लोखंड सांधायला, म्हणजे भट्टीत तापवून ठोकून जोडायला सोपं, पण ते कायम पिवळ्या तावावरच, म्हणजे तापून पिवळं दिसेल एवढ्या उष्णतेवरच ठोकावं लागतं. ताव उतरला की लगेच चिरतं.

आमची भट्टी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे, आतून चिकणमाती, भाताचा तूस आणि शेण कालवून लिंपलेली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना तासभर नुसता मंद विस्तव ठेवावा लागतो. ओल मुरलेला चिरा एकदम तापला तर टवके उडतात. हवेला पूर्वी चामड्याचा भाता होता, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. कोळसा अर्धा लाकडाचा, अर्धा करवंटीचा. लाकडाचा कोळसा पटकन पेटतो आणि पटकन संपतो. करवंटीचा घट्ट, राख कमी, उष्णता जबर, पण त्याला हवा सतत लागते. पंखा थांबला की तो मरगळतो. दगडी कोळसा आम्ही सांध्याच्या कामाला वापरत नाही, कारण त्यातलं गंधक लोखंडात गेलं की तापलेलं लोखंड हातोड्याखाली भुगभुगतं.

विस्तवाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. हवेची नळी आणि लोखंड यांच्यामध्ये किमान १० ते १२ सेंटिमीटर जळता कोळसा हवा. गज नळीच्या अगदी तोंडाशी ठेवला तर न वापरलेली हवा थेट त्यावर येते आणि तापण्याऐवजी त्याची साल जळून जाते. गज आडवा ठेवायचा, त्याच्या वरही कोळशाचा थर हवा. खाली वितळून थापलेली राख जमली की सळईने ती काढून टाकायची, नाहीतर ऐन सांध्याच्या वेळी ती लोखंडाला चिकटते.

मोठ्या कोयंड्यापासून सुरुवात केली. लांबीचा हिशोब असा: आतली रुंदी २५ मिलिमीटर, लाकडाबाहेर आतल्या मापाने ३५ मिलिमीटर. वरची कमान गजाच्या मध्यरेषेवर मोजायची, म्हणजे त्रिज्या साडेसतरा आणि लांबी ५५. दोन्ही बाजूंचे सरळ भाग मिळून ४५. लाकडातून ५० आणि मागे वळवायला ३०, असे दोन पाय मिळून १६०. बेरीज २६०. पण पायांची टोकं निमुळती काढताना गज लांबतो, त्यामुळे २४० मिलिमीटर कापला तरी थोडा उरतो.

टोक काढताना नवशिक्याचं नेहमी एकच बिघडतं. तो लांबून निमुळतं करत टोकाकडे येतो. हातोडा वरची साल पुढे ढकलतो, गाभा मागे राहतो, आणि टोकाला माशासारखं तोंड उघडतं. मग ती फट ठोकून मिटवली तरी आत जिवंत राहते. त्याऐवजी पहिल्या तावात अगदी टोकाला आखूड, बोथट निमुळतेपणा द्यायचा आणि मग मागे मागे सरकत लांबी काढायची. चौकोनाचा चौकोनच ठेवायचा, दर दोन-तीन ठोक्यांनी गज पाव फेरा फिरवायचा. तिरपा झाला, म्हणजे समोरून बघितल्यावर शंकरपाळी दिसायला लागली, की पुढचे कोपरे दुमडण्याआधीच सरळ करून घ्यायचा.

रंगाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण बहुतेक चिरा रंग न पाहिल्यामुळे पडतात. मोठं काम पिवळ्या तावावर, साधारण ११०० अंशांवर. नारिंगी असेपर्यंत ठोकत राहायचं. गडद लाल झाला की थांबायचं, फक्त हलकं सरळ करायचं. आणि लाली गेल्यावर, दोनशे ते तीनशे अंशांच्या मधल्या निळ्या तावावर तर हात आवरायचा. तिथे पोलाद थंड पोलादापेक्षाही ठिसूळ वागतं. उजेड मंद असेल तरच रंग खरा कळतो. दारातून ऊन येत असेल तर नारिंगी ताव लाल वाटतो आणि माणूस उगाच जास्त तापवतो.

कोयंडा वाकवताना फक्त मधला भाग तापवला. ताव जास्त लांब गेलाच तर पायांवर पाणी ओतून तो तोडायचा, म्हणजे वाक हवा तिथेच बसतो. ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या गोल टोकावर, आधी अर्धा वाक, मग दोन्ही पाय समांतर. लहान कोयंडा याच पद्धतीने ८ मिलिमीटरच्या गजाचा.

आता कड्या. आतला व्यास ३०, गज ८, म्हणजे मध्यरेषेचा व्यास ३८ आणि लांबी ११९. सांध्याला टोकं एकमेकांवर चढवायला १० मिलिमीटर जादा. पुष्कळ ठिकाणी कडी नुसती वळवून टोकाला टोक भिडवतात. ताकदीला ते चालून जातं, पण ती केसाएवढी फट मीठ-पाणी ओढून घेते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथून कडी उलगडते. विजेचं वेल्डिंग ताकदीत कमी नसतं, मात्र त्यात बारीक छिद्रं राहिली तर तीही तशीच पाणी धरतात. भट्टीत सांधलेली कडी सगळीकडून सलग, म्हणून हा त्रास आम्ही घेतो.

टोकं आधी ठोकून किंचित जाड करायची आणि मग त्यांना जिभेसारखा उतार द्यायचा. जिभेचा तळ सपाट किंवा खोलगट नको, मध्ये थोडा उंच हवा. दोन उंच पाठी भिडल्या की ठोक्यानिशी वितळलेलं कीट मधून बाहेर उडतं. खोलगट असल्या तर ते आतच अडकतं आणि सांधा दिसायला झालेला, प्रत्यक्षात पोकळ. वळवून टोकं एकमेकांवर बसवली, नारिंगी तावावर तारेच्या ब्रशने खवले, म्हणजे तापलेल्या लोखंडावर धरणारे काळे पापुद्रे, झाडले आणि चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) टाकला. तो वितळून काचेसारखा पसरतो, नवे खवले धरू देत नाही, जुने विरघळवून पातळ करतो. मग परत विस्तवात, पंखा मंद. घाई करून पंखा जोरात फिरवला तर बाहेरची साल जळते आणि गाभा थंड राहतो. ८ मिलिमीटरच्या गजाला गाभ्यापर्यंत ताव जायला वेळ द्यावाच लागतो.

खरी नजर इथे लागते. पिवळा फिका होत पांढऱ्याकडे जातो, पृष्ठभाग ओला दिसायला लागतो, टाकणखार त्यावर हलताना दिसतो. विस्तवातून एखाद-दुसरी चांदणीसारखी ठिणगी उडली की वेळ झाली. ठिणग्यांचा फवारा सुटला तर लोखंड जळतंय. ते टोक कापूनच टाकायचं, जळलेलं लोखंड पुन्हा जुळत नाही. बाहेर काढल्यावर हातात दोन-तीन सेकंद असतात. हातोडा आधीच हातात हवा, ऐरण आधी एखादा तापलेला बार ठेवून कोमट केलेली हवी. थंड ऐरण बारीक गजाचा ताव पहिल्याच स्पर्शात खाऊन टाकते. पहिले ठोके हलके आणि भराभर. जोराचा ठोका टोकांना एकमेकांवरून घसरवतो. चिकटलं की आवाज बदलतो: फट्ट असा फुटका आवाज जाऊन भरीव येतो. लगेच पुन्हा टाकणखार, पुन्हा तोच ताव, आणि दुसऱ्या वेळी शिंगावर गोलाई धरून ठोकायचं. सांध्याची जागा शेजारच्या गजापेक्षा बारीक झाली असेल तर ती कडी बाजूला. सांध्याला म्हणूनच आधी जाडी दिलेली असते.

पहिली कडी एकटी सांधली, कारण ती कोयंड्याच्या पायांवरून नंतर ओवता येते. दुसरी मात्र पहिल्या कडीतून आणि लांब कडीच्या डोळ्यातून ओवूनच सांधावी लागते. त्यामुळे लांब कडी आधी पूर्ण करायची.

लांब कडीच्या वरच्या टोकाला कोयंड्यावर बसणारा लांबट फासा हवा. कोयंडा बाहेरून ४५ मिलिमीटर, म्हणून आतून ४८ बाय १२. हा फासा बार वळवूनही होतो, पण वळवला की शेवटी एक सांधा आलाच. त्याऐवजी बारला उभी चीर देऊन ती उघडली. ५५ मिलिमीटरची चीर उघडली की आतला घेर ११० मिलिमीटर होतो, आणि ४८ बाय १२ च्या लांबट गोलाला तेवढाच लागतो. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी सुंब्याने, म्हणजे ठोकून भोक पाडायच्या पोलादी हत्याराने, गोल भोक पाडून घेतलं. भोक नसेल तर फासा उघडताना चीर पुढे पळते. छिन्नी गरम कामाची, पातळ, आणि शेवटचे ठोके ऐरणीच्या मऊ भागावर किंवा खाली पत्र्याचा तुकडा ठेवून. कडक ऐरणीवर छिन्नी उतरली तर दोघांचीही धार जाते. चिरेच्या कडा उघडण्याआधी कानशीने मारून घेतल्या. धारदार कडेवर कुठलंही तेल टिकत नाही, तिथून गंज पहिल्यांदा डोकावतो.

खालच्या टोकाचा डोळा सुंब्याने पाडला. टोक चेपून ९ मिलिमीटर जाड केलं, पिवळ्या तावावर सुंबा ठेवला, तीन-चार ठोके, बाहेर काढून सुंबा पाण्यात, भोकात चिमूटभर कोळशाची पूड, पुन्हा ठोके. पुडीचा गॅस होतो आणि सुंबा अडकत नाही. खाली घट्ट लागलं की बार उलटायचा. दुसऱ्या बाजूला गोल काळसर डाग दिसतो, तिथेच सुंबा धरून ऐरणीच्या भोकावर ठोकला की चकती खाली पडते. मग निमुळता सुंबा घालून भोक १२ मिलिमीटरपर्यंत वाढवलं. कापून नव्हे, पसरवून, त्यामुळे डोळ्याभोवती माल कमी होत नाही. ड्रिलने एवढंच भोक पाडलं असतं तर दोन्ही बाजूंना जेमतेम भिंत उरली असती.

हा सुंबा गाडीच्या कॉइल स्प्रिंगचा आहे. घडवून झाल्यावर तो लाल करून लोहचुंबक लावून पाहायचा. साधारण ७७० अंशांना चुंबक धरणं सोडतो. त्याहून थोडा वर नेऊन टोकाचा इंचभर भाग कोमट तेलात बुडवायचा. मग टोक घासून चकचकीत करायचं आणि मागच्या अंगातली उष्णता पुढे येताना रंग बघायचा: फिका पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. जांभळा-निळा टोकाला पोचला की थंड करायचं. फिक्या पिवळ्यावर थांबवला तर पहिल्याच जोराच्या ठोक्याला टवका उडेल. पाण्यात विझवू नये. या पोलादाला पाण्यात बहुधा चीर जाते.

पीळ हे या कडीचं एकमेव नक्षीकाम. ९० मिलिमीटर लांबीला दीड वेढा, जास्त नाही. घट्ट पीळ दिसायला देखणा असतो, पण त्याचे खोल घळ मीठ धरून बसतात. इथे कडी उभी लटकते, म्हणून पाणी पिळावरून उतरून जातं. आडव्या पट्टीला आम्ही पीळ देत नाही. पिळाचं सगळं तावाच्या सारखेपणावर असतं. जिथे जास्त तापलं तिथे वेढा घट्ट होतो. एक टोक व्हाइसमध्ये धरून पीळ देताना एखादी जागा पुढे पळायला लागली तर तिथे पाण्याची बारीक धार सोडायची, ती जागा थांबते आणि मागची पुढे येते. नंतर सरळ करायला लोखंडी हातोडा नको, लाकडी मोगरी घ्यावी, नाहीतर पिळाच्या धारा चेपतात.

मग दुसरी कडी ओवून सांधली. या वेळी लांब कडी विस्तवाबाहेर लटकती ठेवायला एक माणूस लागतो. ती कोळशावर पडली तर तिचा डोळाही सांध्याच्या तावापर्यंत तापतो आणि कडी डोळ्यालाच चिकटते.

फुलं ६० मिलिमीटर व्यासाची, आठ पाकळ्यांची. कंपासने विभागून, तापवून, छिन्नीने पाकळ्यांच्या रेघा, आणि लाकडाच्या ओंडक्यातल्या खळग्यात ठोकून मध्ये ६ मिलिमीटर फुगवटा. मागची पोकळी हीच ती सडण्याची जागा. म्हणून खालच्या पाकळीच्या कडेला कानशीने अर्धगोल खाच पाडली, आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पितळी फूल मागणारे बरेच असतात. पितळ आणि लोखंड खाऱ्या ओलीत एकत्र आले की पितळ तसंच राहतं आणि लोखंड दुप्पट खाल्लं जातं, हे आधी सांगून मगच काय ते ठरवावं.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. भट्टीतले काळे खवले दिसायला छान, पण किनाऱ्यावर ते ठेवता येत नाहीत. त्यांना चिरा पडतात, चिरेतून ओल शिरते आणि खवल्याखालचं लोखंड गंजायला लागतं. सगळे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, सकाळी तारेच्या ब्रशने घासले, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळवून आम्लाचा अंश मारला, साध्या पाण्याने धुतले आणि तडक विस्तवावर धरून सुकवले. इथल्या हवेत ओलं उघडं लोखंड चहा होईपर्यंत तांबूस होतं.

तेल जवसाचं. खोबरेल घरात असतं म्हणून लोक तेच लावतात, पण खोबरेल कधीच सुकून कातडी धरत नाही; ते ओलं राहतं, धूळ आणि मीठ ओढतं आणि पहिल्या जोराच्या सरीत निघून जातं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. लोखंड कोळशाच्या धगीवर दीड-दोनशे अंशांपर्यंत गरम करून तेलाचा अगदी पातळ हात, चिंधीने पुसून काढल्यासारखा, आणि पुन्हा धग. धूर थांबला की दुसरा हात, मग तिसरा. जाड हात दिला तर वर चिकट साय धरते आणि खाली ओलं राहतं. शेवटी एक भाग मधमाशांचं मेण आणि तीन भाग जवस तेल एकत्र वितळवून, कोमट लोखंडावर. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून चिंध्या आपोआप पेटतात. त्या एकेक पसरून उघड्यावर वाळवायच्या किंवा लगेच भट्टीत.

बसवताना भोकं बाहेरच्या बाजूला किंचित उतरती पाडली, म्हणजे फटीतून आत गेलेलं पाणी मागे न मुरता पुढे येतं. भोकात आणि फुलाच्या पोकळीत तेच मेण-तेल भरलं. कोयंडा ठोकताना वर लाकडाचा ठोकळा ठेवला, नाहीतर तेलाचा थर पहिल्या ठोक्यालाच उडाला असता. मागे आलेली टोकं आधी आकड्यासारखी वळवली आणि मग लाकडाच्या रेषांना आडवी ठोकून आत बसवली. रेषांच्या दिशेने ठोकली तर फळी उभी चिरते.

हा थर कायमचा नाही, आणि घरच्यांना तसं सांगूनच काम हातात द्यावं. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, उन्हात पूर्ण सुकवायचं आणि मेण-तेलाचा पातळ हात द्यायचा. फुलाच्या खालच्या खाचेत काडी घालून बघायची. कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीची माती भरली असेल तर आधी ती मोकळी करायची. उघड्यावरच्या फाटकाला किंवा गच्चीच्या कठड्याला मात्र नुसतं तेल पुरत नाही. त्याला गरम जस्ताचा मुलामा देऊन वर रंग हवा, आणि तो मुलामा सगळी घडाई, भोकं आणि सांधे पूर्ण झाल्यावरच द्यायचा.